खराब हवामानात उतरताना लहान खासगी विमानाला होणारे अपघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान खासगी विमान उतरताना कोसळले की पहिल्या तासाभरात 'खराब हवामानामुळे अपघात' एवढेच हाती लागते. पण त्याच दिवशी, त्याच आभाळाखाली दुसरी विमाने सुखरूप उतरलेली असतात किंवा वेळीच दुसरीकडे वळलेली असतात. हा फरक नेमका कुठे पडतो, हे समजून घेण्यासाठी पुढची प्रश्नोत्तरे आहेत. लहान विमान म्हणताना एक-दोन इंजिनांचे पंख्याचे विमान आणि आठ-दहा जणांचे चार्टर जेट, दोन्ही धरले आहेत.

'खराब हवामानामुळे अपघात झाला' हे म्हणणे बरोबर आहे का?

अर्धेच बरोबर आहे. धुके, पाऊस, वारा हे बहुतेक वेळा आधीपासून ठाऊक असतात. कधी ते अंदाजात असतात, कधी विमानतळाच्या ताज्या हवामान नोंदीत, तर कधी समोरच्या काचेवरच दिसत असतात. तपास अहवालांत 'संभाव्य कारण' या मथळ्याखाली नुसते 'धुके' क्वचितच लिहिलेले सापडते. 'धावपट्टी दिसत नसताना किमान उंचीच्या खाली उतरणे' असे लिहिलेले असते आणि धुके त्याला हातभार लावणारी बाब म्हणून पुढे येते. माझ्या मते हा क्रम योग्यच आहे. हवामान माणसाला अडचणीत टाकते. मात्र उतरायचेच, हा निर्णय हवामानाचा नसतो.

खराब हवामान म्हणजे नेमके काय? पाऊस धोकादायक की धुके?

दोन्हींचे धोके वेगळे आहेत. धुके आणि खाली आलेले ढग पायलटची नजर काढून घेतात. अशा अपघातात विमान पूर्ण ताब्यात असते, इंजिने व्यवस्थित चालू असतात आणि ते धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर, टेकडीवर किंवा तारांवर आदळते. जीवितहानी इथेच जास्त होते. पाऊस बहुतेक वेळा जमिनीवर टेकल्यानंतर त्रास देतो. विमान थांबत नाही किंवा बाजूला घसरते. असे अपघात भीतिदायक दिसतात, पण त्यातून माणसे अनेकदा वाचतात. वादळी ढगाजवळचा वारा या दोन्हींपेक्षा वाईट, कारण तो काही सेकंदांत बदलतो.

धावपट्टी न दिसता पायलट किती खाली येऊ शकतो?

हे त्या विमानतळावर कोणती उपकरणे आहेत यावर ठरते. धावपट्टीवरून रेडिओ लहरींनी दिशा आणि उतार दाखवणारी आयएलएस यंत्रणा असेल, तर तिच्या सर्वसाधारण प्रकारात, म्हणजे कॅटेगरी एकमध्ये, जमिनीपासून २०० फूट ही निर्णयाची उंची असते आणि धावपट्टीवरची दृश्यमानता किमान ५५० मीटर लागते. ही यंत्रणा नसेल, फक्त दिशा मिळत असेल, तर किमान उंची चारशे, पाचशे फूट किंवा त्याहूनही वर असते. डोंगराळ भागात ती बरीच जास्त ठेवतात. लहान धावपट्ट्यांवर अनेकदा यातले काहीच नसते. तिथे नजरेने दिसले तरच उतरायचे.

२०० फुटांचा अर्थ वेळेत मोजून पाहा. विमान तीन अंशांच्या उतारावरून ९० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर वेगाने येत आहे. २०० फुटांवर असताना टेकण्याची जागा साधारण ११५० मीटर पुढे असते आणि तिथे पोहोचायला सुमारे २५ सेकंद लागतात. जेट असेल तर त्याहून कमी. या वेळात पायलटने उपकरणांवरची नजर उचलून बाहेर पाहायचे, राखाडी पडद्यातून दिव्यांची रांग ओळखायची, आपण तिच्या सरळ रेषेत आहोत की बाजूला हे ठरवायचे आणि विमान टेकवायचे. दिवे दिसले नाहीत तर २०० फुटांवरच इंजिनाला पूर्ण ताकद देऊन वर जायचे. 'आणखी पन्नास फूट खाली जाऊन बघू' याला नियमात जागा नाही. अपघातांच्या अहवालांत मात्र हे पन्नास फूट वारंवार भेटतात.

पायलटला आपली उंची तर माहीत असते ना? मग विमान जमिनीवर आदळते कसे?

साधा उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. त्यामुळे त्या ठिकाणचा त्या वेळचा दाब त्यात भरावा लागतो. हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचे एकक. एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जमिनीलगत साधारण २७ ते ३० फूट. आता समजा, विमानतळावर दाब १००३ आहे आणि उंचीमापकात १०१३ तसाच राहिला आहे. विमान प्रत्यक्षात उपकरण दाखवते त्यापेक्षा पावणेतीनशे ते तीनशे फूट खाली असेल. उपकरणावर ३०० फूट दिसत असताना चाके जमिनीला लागायला आलेली असतील. खराब हवामानात दाब सहसा कमी असतो आणि लवकर बदलतो, म्हणून ही चूक नेमकी नको त्या दिवशी भोवते. जमिनीपासूनची उंची थेट मोजणारा रेडिओ उंचीमापक आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा जेट विमानांत असते. जुन्या एक इंजिनी विमानांत अनेकदा दोन्ही नसतात.

विमानतळ म्हणतो दृश्यमानता पुरेशी आहे, तरी पायलटला धावपट्टी दिसत नाही, असे का?

विमानतळाची नोंद जमिनीवरून आडवे पाहून केलेली असते. पायलट वरून तिरके पाहतो. त्याची नजर धुक्याच्या किंवा पावसाच्या जास्त जाड थरातून जाते. शिवाय नोंद दर तासाला किंवा अर्ध्या तासाला होते. मध्येच हवा बदलली तर खास नोंद काढतात, पण धुके तिची वाट पाहत नाही. कॉकपिटमधल्या पडद्यावर पावसाचे रडारचित्र उपग्रहाने येते तेव्हा ते ताजे वाटते. त्यावर लिहिलेल्या वयापेक्षा ते प्रत्यक्षात १५ ते २० मिनिटे जुने असू शकते, असा इशारा अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने २०१२ मध्ये दिला होता. वादळी ढग तेवढ्या वेळात धावपट्टीवर येऊन बसतो.

काचेवर पाणी असले की आणखी एक गंमत होते. तिला गंमत म्हणणे जिवावरचे आहे, पण असो. पाण्यामुळे प्रकाश वाकतो आणि आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असे वाटते. मग पायलट नकळत विमान आणखी खाली आणतो.

मोठी प्रवासी विमाने त्याच हवेत उतरतात. मग लहान विमानांनाच त्रास का होतो?

वजन कमी असल्याने वाऱ्याचा प्रत्येक झोत जाणवतो, हे एक कारण. पण तेवढ्याने उत्तर होत नाही. प्रवासी विमानात दोन पायलट असतात, एक उडवतो आणि दुसरा आकडे वाचतो, टोकतो. लहान विमानात बऱ्याचदा एकच माणूस विमान उडवणे, नियंत्रण कक्षाशी बोलणे, नकाशा वाचणे आणि मागच्या प्रवाशाच्या प्रश्नाला उत्तर देणे हे सगळे करत असतो. विमान कंपनीत उड्डाण रद्द करणारे वेगळे खाते असते. खासगी विमानात बहुतेकदा तो निर्णयही त्याच माणसाचा. सराव हा तिसरा मुद्दा. रोज ढगांतून उतरणारा पायलट आणि महिन्यातून दोनदा उडणारा मालक-पायलट यांच्या हातांत फरक पडणारच.

नियमांतही तफावत आहे. अमेरिकेत नोंदवलेली दृश्यमानता किमान मर्यादेपेक्षा कमी असेल तर व्यावसायिक उड्डाणाला उतरण्याचा शेवटचा टप्पा सुरूच करता येत नाही. खासगी उड्डाणाला मात्र खाली जाऊन बघण्याची मुभा आहे. मला ती मुभा फारशी पटत नाही. बघायला गेलेल्याला काहीतरी दिसतेच. ढगात पडलेली फट, एखादा दिवा. आणि तेवढ्यावर पुढचे ठरते.

आडवा वारा किती असला तर उतरू नये?

प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत एक आकडा असतो. शिकाऊ पायलट वापरतात त्या सेसना १७२ च्या नव्या आवृत्तीसाठी तो १५ नॉट आहे, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. हा आकडा कायदेशीर मर्यादा नव्हे. चाचणी पायलटने एवढ्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवले, इतकाच त्याचा अर्थ. नवख्या पायलटची मर्यादा त्याहून कमी असायला हवी. वारा धावपट्टीला ३० अंशांनी येत असेल तर त्याचा निम्मा भाग आडवा धरायचा, ६० अंशांनी येत असेल तर जवळजवळ नव्वद टक्के. झोत येत असतील तर सरासरी न धरता झोताचा आकडा धरायचा.

अचानक वाऱ्याने विमान खाली आपटले, असे म्हणतात. तसे होते का?

होते. वादळी ढगातून थंड हवेचा लोट सरळ खाली येतो आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरतो. याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. तेत्सुया फुजिता या शास्त्रज्ञाने १९७५ मधल्या न्यूयॉर्कच्या एका विमान अपघाताचा अभ्यास करताना ही गोष्ट ओळखली. तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती. पुढे २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थला उतरणारे डेल्टाचे १९१ क्रमांकाचे उड्डाण अशाच लोटात सापडले आणि १३७ जण गेले. त्यानंतर विमानांत आणि विमानतळांवर वाऱ्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणा झपाट्याने आल्या.

यातली फसगत क्रमाची आहे. लोटात शिरताना आधी समोरून जोराचा वारा लागतो, वेग वाढतो, विमान वर उचलले जाते. पायलट साहजिकच इंजिनाची ताकद कमी करतो. पुढच्या काही सेकंदांत वरून दाब येतो आणि मग वारा पाठीमागून लागतो. वेग एकदम पडतो आणि इंजिन नेमके त्याच वेळी मंद केलेले असते. डेल्टाच्या त्या मोठ्या प्रवासी विमानाला जे जमले नाही ते चार आसनी विमानाला जमेल ही आशा व्यर्थ आहे, कारण त्याची वर चढण्याची ताकदच तुटपुंजी. सुदैवाने असा लोट काही मिनिटांतच विरतो. पंधरा-वीस मिनिटे लांब थांबणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

ओल्या धावपट्टीवर विमान घसरते कशामुळे?

एका ठरावीक वेगाच्या वर टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि पाण्याच्या थरावर तरंगतो. ब्रेक लावा, स्टिअरिंग फिरवा, काही उपयोग नाही. या वेगाचा एक जुना ढोबळ हिशेब पायलट शिकतात. टायरमधल्या हवेच्या दाबाचे पीएसआयमधले वर्गमूळ काढायचे आणि त्याला ९ ने गुणायचे. येणारा आकडा नॉटमध्ये. दाब ३६ असेल तर ५४ नॉट, १४४ असेल तर १०८ नॉट. म्हणजे विमान टेकते तो वेग आणि टायर तरंगायला लागतो तो वेग बऱ्याचदा जवळपास सारखाच निघतो.

त्यात पायलट दहा टक्के जास्त वेगाने आला तर थांबवायची ऊर्जा २१ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. खराब हवेत सुरक्षेसाठी वेग थोडा वाढवतात. त्यात पाठीमागचा हलका वारा आणि लांबवर टेकलेली चाके मिळाली की धावपट्टी अपुरी पडते. गवताची धावपट्टी तर आणखी कठीण. आखूड ओल्या गवतावर अंतर ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचे मार्गदर्शन सांगते.

बर्फाचा धोका फक्त थंड देशांत असतो का?

नाही. पंखांवर बर्फ धरायला शून्याखालचे तापमान आणि ढगातले पाणी लागते. ते उष्ण प्रदेशातही पुरेशा उंचीवर सापडते. शिवाय इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये बाहेर २० अंश असतानाही बर्फ जमू शकतो, कारण आत शिरताना हवा एकदम थंड होते. दमट हवेत उतरण्यासाठी इंजिन मंद केले की हा धोका वाढतो. पायलटला कळते तेव्हा तो जमिनीपासून काहीशे फुटांवर असतो आणि इंजिन खोकत असते.

अनुभवी पायलटलाही आपण वर जातो की खाली हे कळत नाही, हे खरे का?

खरे आहे आणि यात अनुभव फारसा कामाला येत नाही. आपला तोल कानातल्या द्रवावर चालतो आणि डोळे त्याला सतत दुरुस्त करतात. डोळ्यांना क्षितिज मिळाले नाही की कान बेधडक खोटे सांगतात. डोळे मिटून गरगर फिरून थांबल्यावर आपण उलट्या बाजूला फिरतोय असे वाटते, तसेच.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडवण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० शिकाऊ पायलटांना ढगात शिरल्यासारख्या परिस्थितीत टाकले गेले. सगळ्यांचा ताबा सुटला. सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचे पायपर साराटोगा विमान १६ जुलै १९९९ च्या रात्री मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे उतरत असताना समुद्रात पडले. त्या वेळी वादळ नव्हते. फक्त धूसर हवा आणि काळोख होता. दिशाभ्रमामुळे ताबा सुटला, असा निष्कर्ष एनटीएसबीने काढला. केनेडी यांच्याकडे उपकरणांवर उडवण्याची पात्रता नव्हती.

ढगात पायलटने करायचे एकच. शरीर काय सांगते ते बाजूला ठेवून उपकरणावर विश्वास ठेवायचा. सांगायला सोपे आहे.

धावपट्टी दिसत नाही, तर पुन्हा वर का जात नाहीत?

याला गो-अराउंड म्हणतात आणि पायलटच्या प्रशिक्षणात ते पहिल्यापासून असते. नियमही स्पष्ट आहेत. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या प्रसिद्ध निकषांनुसार ढगांतून येताना विमान १००० फुटांवर आणि उघड्या हवेत ५०० फुटांवर स्थिर हवे. वेग योग्य, उतार योग्य, चाके आणि फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) बाहेर. तसे नसेल तर वर जायचे, चर्चा नको. त्याच संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काय दिसले? विमान स्थिर नसताना फक्त सुमारे तीन टक्के वेळा वैमानिक वर गेले. ही आकडेवारी विमान कंपन्यांची आहे, जिथे दोन पायलट, नियमपुस्तक आणि उड्डाणाची नोंद तपासणारे लोक असतात.

न जाण्याची कारणे माणसाची आहेत. शेवटच्या मिनिटात सगळे लक्ष उतरण्यावर एकवटलेले असते, मनाने पायलट टेकलेलाच असतो. आधीच्या वेळी असेच थोडे वाकडेतिकडे येऊन जमले होते, ही आठवण असते. पुन्हा वर गेलो तर मागे बसलेले काय म्हणतील, हेही असते.

आणि वर जाणेही फुकटचे नाही, हे मान्य केले पाहिजे. एकदम पूर्ण ताकद दिली की विमानाचे नाक उसळते, पंख्याचे विमान एका बाजूला ओढ घेते आणि ढगात वेग वाढताना शरीराला वाटते की नाक फार वर गेले. घाबरून नाक खाली दाबले की विमान थेट जमिनीकडे जाते. म्हणून गो-अराउंडचा सराव निरभ्र दिवशी पुन्हा पुन्हा करायचा असतो. बहुतेक हौशी पायलट तो करत नाहीत, कारण कंटाळवाणा आहे.

प्रवाशांचा दबाव खरोखर असतो का?

असतो. २९ मार्च २००१ रोजी कोलोरॅडोतल्या ॲस्पेनला उतरताना एक चार्टर गल्फस्ट्रीम ३ जेट कोसळले आणि त्यातले सर्व १८ जण गेले. प्रवासी उशिरा आले होते, अंधार पडत होता, हिमवृष्टीचे ढग होते आणि भोवती डोंगर. धावपट्टी नीट दिसत नसताना किमान उंचीच्या खाली उतरणे हे एनटीएसबीने कारण ठरवले. हातभार लावणाऱ्या बाबींमध्ये चार्टर घेणाऱ्या ग्राहकाचा दबाव स्पष्ट शब्दांत नोंदवला आहे. एक प्रवासी तर कॉकपिटमधल्या जादा आसनावर बसला होता.

दबाव आरडाओरड करूनच येतो असे नाही. 'आपण पोहोचू ना वेळेवर?' एवढा साधा प्रश्न पुरतो. सभा, लग्न, अंत्यसंस्कार, सही करायचे कागद, असे काहीतरी प्रत्येक चार्टरच्या मागे असते. नाहीतर माणूस चार्टर घेतो कशाला?

अपघाताआधी विमान घिरट्या घालत होते, असे साक्षीदार सांगतात. त्याचा अर्थ काय?

ढगांपलीकडे, उंचावर ठरावीक आकारात फिरत हवा सुधारण्याची वाट पाहणे, ही सुरक्षित गोष्ट आहे. धावपट्टीजवळ कमी उंचीवर वळणे ही वेगळी. उपकरणांची सोय एका धावपट्टीला असते आणि वारा दुसऱ्या दिशेचा असतो, तेव्हा एका बाजूने खाली येऊन नजरेच्या भरवशावर वळसा घालून दुसरीकडे उतरावे लागते. तिरके वळताना विमानाला हवेत टिकायला जास्त वेग लागतो. ६० अंश कलल्यास सुमारे ४१ टक्के जास्त. वळण चुकले म्हणून पायलट आणखी कलला आणि वेग कमी असला की पंख उचल सोडतात. इतक्या खाली सावरायला जागाच नसते. १५ मे २०१७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या टीटरबरोला एक लिअरजेट ३५ए असेच पडले आणि दोन्ही पायलट गेले. त्या दिवशी दृश्यमानता चांगली होती. वारा मात्र झोतांचा होता.

एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने, उतरण्याची परवानगी दिलीच का?

परवानगीचा अर्थ 'धावपट्टी मोकळी आहे' इतकाच. हवा उतरण्याजोगी आहे, अशी हमी त्यात नसते. नियंत्रक वारा, दृश्यमानता आणि आधी उतरलेल्यांचे अनुभव सांगतो. उतरायचे की नाही हे कॅप्टन ठरवतो. अनेक लहान विमानतळांवर तर नियंत्रण कक्षच नसतो.

अशा अपघातातून वाचण्याची शक्यता किती?

विमान ताब्यात असताना, कमी वेगात, सपाट जागी टेकून घसरले तर बरीच. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत जोरदार पावसात, ७०० मीटर दृश्यमानतेत उतरणारे लिअरजेट ४५ धावपट्टीवरून बाजूला गेले. विमानाची दैना झाली, पण आतले आठही जण वाचले. ताबा सुटून नाक खाली करून पडलेल्या विमानात हिशेब वेगळाच असतो. लहान विमानात खांद्यावरचा पट्टा जीव वाचवतो. फक्त कमरेचा बांधला तर डोके समोर आदळते. विमान थांबल्यावर सामान विसरून बाहेर पडायचे आणि पंखा अजून फिरत असू शकतो हे ध्यानात ठेवून मागच्या बाजूने लांब जायचे.

काही विमानांना, उदाहरणार्थ सिरस कंपनीच्या, संपूर्ण विमानाचे पॅराशूट असते. ते हवेत ताबा सुटला तर उपयोगी. अगदी शेवटच्या काहीशे फुटांत त्याला उघडायला वेळ मिळत नाही. पायलट बेशुद्ध झाला तर बटण दाबल्यावर विमान स्वतःच जवळचा विमानतळ निवडून उतरते, अशी गार्मिन कंपनीची यंत्रणा २०२० मध्ये पायपर एम६०० वर प्रथम मंजूर झाली.

लहान विमानात ब्लॅक बॉक्स नसतो, मग कारण कळते कसे?

५७०० किलोंपेक्षा हलक्या विमानांवर पूर्ण ब्लॅक बॉक्सची सक्ती साधारणपणे नसते. पण आधुनिक कॉकपिटचे पडदे मेमरी कार्डावर वेग, उंची, इंजिनाचे आकडे नोंदवत असतात. रडारच्या नोंदी, विमानाने स्वतः प्रसारित केलेली स्थिती, एटीसीचे ध्वनिमुद्रण, प्रवाशांचे फोन हे सगळे जुळवतात. अवशेषही बोलतात. पंख्याची पाती कशी वाकली यावरून आदळताना इंजिन ताकद देत होते का ते कळते. उंचीमापकात कोणता दाब भरला होता, हे त्याच्या बटणाजवळच्या छोट्या खिडकीत अनेकदा तसेच अडकून राहिलेले सापडते.

शोधायला वेळ का लागतो? विमान सिग्नल पाठवत नाही का?

आदळल्यावर आपोआप सुरू होणारा ईएलटी हा संकटसूचक ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश पाठवतो. जुने संच १२१.५ मेगाहर्ट्झवर चालत आणि उपग्रहांनी ती वारंवारता ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. आगीत किंवा धडकेत अँटेना तुटली तर नवा संचही मुका होतो.

तपास अहवाल कधी येतो? दोषी कोण हे त्यात असते का?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, म्हणजे आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार, प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत. प्रत्यक्षात दोन वर्षेही लागतात. प्राथमिक अहवालात घडलेले असते, का घडले ते नसते. त्यावरून निष्कर्ष काढणारे व्हिडिओ पाहण्यात वेळ घालवू नका. या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे. दोष आणि भरपाई न्यायालये ठरवतात.

विम्याचे आणि भरपाईचे काय?

आंतरराष्ट्रीय भाड्याच्या प्रवासाला, चार्टरसह, १९९९ चा माँट्रियल करार लागू होऊ शकतो. मृत्यू किंवा दुखापतीसाठी प्रतिप्रवासी १,५१,८८० एसडीआरपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) कंपनीला जबाबदारी झटकता येत नाही. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासूनची आहे आणि दावा दोन वर्षांत करावा लागतो. मित्राच्या विमानातून फुकट गेलात तर सगळे देशाच्या कायद्यावर आणि त्याच्या विम्यावर.

विम्याची मेख कागदांत असते. फॉर्म्युला वनचे जगज्जेते ग्रॅहॅम हिल २९ नोव्हेंबर १९७५ च्या रात्री दाट धुक्यात लंडनजवळच्या एल्स्ट्री विमानतळावर उतरताना आपल्या पायपर ॲझ्टेकसह आर्कलीच्या गोल्फ मैदानावर कोसळले. संघातले इतर पाच जणही गेले. विमानाची नोंदणी आणि हिल यांची उपकरणांवर उडवण्याची पात्रता यांची मुदत संपलेली निघाली, विम्याचे संरक्षण मिळाले नाही आणि मृतांच्या कुटुंबांचे दावे हिल यांच्या मालमत्तेवर आले.

प्रवासी म्हणून निघण्याआधी काय विचारावे?

पायलट एक की दोन? उपकरणांवर उडवण्याची पात्रता चालू आहे ना? उतरायच्या ठिकाणी कोणती सोय आहे आणि पर्यायी विमानतळ कोणता? तिथपर्यंत जाऊन वर पाऊण तास पुरेल इतके इंधन आहे का? चांगला पायलट या प्रश्नांनी चिडत नाही. सगळ्यात उपयोगी वाक्य मात्र प्रश्न नाही: 'दुसरीकडे उतरावे लागले तरी चालेल, तिथे गाडीची सोय करून ठेवली आहे.' निघण्याआधी हे बोलून ठेवा आणि गाडीची सोय खरोखर करा.

अपघात डोळ्यांसमोर घडला तर काय करावे?

आधी मदत बोलवा आणि नेमकी जागा सांगा. आग नसेल आणि जवळ जाता येत असेल तर माणसांना बाहेर काढा, बाकी कशालाही हात लावू नका. विमानावर पॅराशूटची किंवा रॉकेटची धोक्याची खूण दिसली तर त्या भागापासून दूर राहा. न उडालेले रॉकेट अवशेषांत जिवंत असू शकते. व्हिडिओ घेतला असेल तर मूळ फाइल कापाकापी न करता जपून तपास करणाऱ्यांना द्या, कारण तिच्यातली वेळ आणि इंजिनाचा आवाज त्यांना चित्राइतकाच हवा असतो. जबाबात 'इंजिन बंद पडले' असे म्हणू नका. ऐकलेला आवाज कसा होता, तो केव्हा बदलला आणि तेव्हा ढग किती खाली होते, एवढे सांगा.